रक्तातलं फ्लोराइड: सांगलीतल्या एका लहान प्रयोगशाळेच्या नोंदी

आमचं रोजचं काम पाण्याचं. बोअर, विहीर, कारखान्याचं सांडपाणी, अधूनमधून माती. मिरजेच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतून मान-पाठ आखडलेले रुग्ण येतात. त्यांतल्या काहींच्या बोअरचं पाणी आमच्याकडेच तपासलेलं, आणि फ्लोराइड जास्त निघालेलं; ते हाडात साठत गेलं की असं आखडतं. डॉक्टर म्हणाले, पाण्यातलं मोजता तर रक्तातलं का नाही मोजत? स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) आहे, सेंट्रिफ्यूज आहे, मायक्रोपिपेट आहेत. बघू म्हटलं.

खालच्या नोंदी वहीतल्याच आहेत, फक्त खाडाखोड काढली आहे. हेच काम करायला बसणाऱ्यांनी आधी ३ मार्च आणि ९ एप्रिल वाचावं, पैसा आणि वेळ तिथंच वाचेल. रुग्णांची नावं आमच्यापर्यंत येत नाहीत, नळीवर फक्त क्रमांक असतो. संमतीपत्रं आणि नीतिसमितीची परवानगी ही बाजू डॉक्टरांची.

८ जानेवारी

आधी किती बारीक मोजायचं आहे ते ठरवलं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम ही हद्द, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. साध्या पाण्यावर राहणाऱ्या निरोगी माणसाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) मात्र लिटरला साधारण ०.०१ ते ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे १ मिली प्लाझ्मात २० नॅनोग्रॅमच्या आसपास. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवला.

हाताशी स्पॅड्न्स होतं, पाण्याला रोज तेच वापरतो. झिर्कोनियम आणि रंगद्रव्याचा लाल रंग, फ्लोराइड आलं की फिका पडतो, ५७० नॅनोमीटरला वाचायचा. स्वतःच्याच सिरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यावर, करून पाहिलं. रिएजंटमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर, त्यामुळे नळीत दही लागल्यासारखं झालं. प्रथिनं आधी खाली बसवून वरचं पाणी घेतलं, तर रीडिंग अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर. साध्या पाण्यावर राहणाऱ्या माझ्या रक्तात इतकं फ्लोराइड असणं शक्य नाही. रक्तातलं फॉस्फेट झिर्कोनियमला धरतं आणि फ्लोराइड असल्याचं सोंग आणतं. पाण्यात फॉस्फेट नगण्य असतं म्हणून तिथं कधी जाणवलं नव्हतं.

स्पॅड्न्स बाद.

१२ जानेवारी

कॉलेजात शिकवणारा मित्र म्हणाला, एएएसवर (अणू किती प्रकाश शोषतात ते मोजणाऱ्या यंत्रावर) का नाही करत? शिसं, जस्त, लोह सगळं तर होतं त्यावर. फ्लोरिनचं नाही होत. त्याच्या अणूच्या शोषणरेषा १०० नॅनोमीटरच्याही खाली आहेत, तिथं हवाच सगळा प्रकाश खाते. आयसीपी-एमएसवर (अरगॉनच्या ज्योतीत आयन करून ते वजनानुसार मोजणाऱ्या यंत्रावर) वेगळी अडचण: फ्लोरिनचं आयन व्हायला १७.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि अरगॉनच्या ज्योतीत मिळतात १५.८ च्या आतबाहेर.

वाट आहे ती अणू सोडून रेणू मोजण्याची. ग्राफाइट भट्टीत गॅलियम किंवा अॅल्युमिनियम घातलं की फ्लोराइडशी त्यांची जोडी जमते, आणि ती जोडी प्रकाश शोषते: गॅलियम फ्लोराइड २११.२ नॅनोमीटरला, अॅल्युमिनियम फ्लोराइड २२७.५ ला. त्यासाठी अखंड वर्णपटाचा दिवा आणि फार बारीक भेद करणारा स्पेक्ट्रोमीटर हवा. असं यंत्र वापरलेल्या एका गृहस्थांशी फोनवर सविस्तर बोललो. रक्तातलं मीठ तिथंही आडवं येतं म्हणाले, क्लोरिन गॅलियमला आधी पळवतं. यंत्राची किंमत ऐकून विषय संपवला.

१७ जानेवारी

ठरलं ते असं: फ्लोराइड रक्तात असताना मोजायचंच नाही, आधी त्याला बाहेर काढायचं. १९६८ साली टेव्ह्ज या संशोधकांनी दिलेली पद्धत आजही चालते. बंद डिशमध्ये प्लाझ्मा, त्यात हेक्झामिथाइलडायसिलोक्झेनने संपृक्त केलेलं गंधकाम्ल. फ्लोराइड सिलिकॉनला चिकटून ट्रायमिथाइलफ्लुरोसिलेन होतं, ते खोलीच्या तापमानालाच वायू. झाकणाच्या आतल्या बाजूला सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब लावून ठेवायचे, रात्रभरात सगळं फ्लोराइड त्या थेंबांत येऊन बसतं. प्रथिनं, फॉस्फेट, मीठ, लोह खालीच राहतात.

थेंबातलं मोजायला अॅलिझरिन कॉम्प्लेक्सोन आणि लॅन्थॅनम. लालसर रंग फ्लोराइडमुळे निळा होतो, ६२० नॅनोमीटरला वाचायचा. इथं रंग वाढतो, स्पॅड्न्ससारखा कमी होत नाही, त्यामुळे खालच्या टोकाला जास्त भरवशाचा.

ऑर्डर दिली. अॅलिझरिन कॉम्प्लेक्सोनच्या एका ग्रॅमला चार आकडी रक्कम लागते, पण तो ग्रॅम पुष्कळ पुरतो.

२ फेब्रुवारी

माल आला आणि एक बाटली परत गेली. ऑर्डरमध्ये ‘एचएमडीएस’ लिहिलं होतं. पुरवठादाराने हेक्झामिथाइलडायसिलाझेन पाठवलं, कारण बाजारात हीच चार अक्षरं जास्त करून त्यालाच वापरतात. बूच उघडताच अमोनियाचा दर्प आला म्हणून कळलं. आम्लात ओतलं असतं तर उसळलंच असतं. मागवताना कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळखक्रमांक) लिहा: डायसिलोक्झेन १०७-४६-०. डायसिलाझेनचा ९९९-९७-३, तो नको. बदलून यायला दोन आठवडे जातील असं सांगतात.

१९ फेब्रुवारी

पहिल्या डिशी लावल्या. कृती:

६० मिलिमीटरची प्लॅस्टिकची पेट्री डिश. झाकणाला तापवलेल्या सुईने एक बारीक भोक. झाकणाच्या आत ०.०५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे ५० मायक्रोलिटर, पाच थेंबांत वाटून. झाकणाच्या कडेला व्हॅसलिनचं सलग कडं. डिशमध्ये प्लाझ्मा आणि पाणी मिळून ३ मिली. झाकण दाबून बसवायचं, भोकातून १ मिली आम्ल सोडायचं, भोक लगेच व्हॅसलिनने बुजवायचं. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

तोच स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं फ्लोराइडचं द्रावण) शेजारशेजारच्या डिशींत घातला तरी निम्म्याने फरक. दोन कारणं सापडली. व्हॅसलिनचं कडं बोटाने लावलेलं, कुठे जाड कुठे पातळ. आता सुई काढलेल्या सिरिंजमध्ये व्हॅसलिन भरून एकसारखी रेघ ओढतो. दुसरं, आम्ल सोडल्यावर डिशी उचलून कपाटात ठेवत होतो, त्यात झाकणावरचे थेंब घसरत होते. आता एक सपाट फळी ओट्यावर कायमची ठेवली आहे. डिश लावायची तिथंच आणि उघडायचीही तिथंच. झाडूवाल्या मावशींना फळीकडे फिरकू नका असं सांगितलं, तर त्यांनी फळीभोवती खडूने रेघ मारून ठेवली. ती रेघ अजून आहे.

२३ फेब्रुवारी

रंगाचं गणित. थेंब गोळा करून रिएजंटसह एकूण १ मिली केलं, तर १०० नॅनोग्रॅमला आमच्या यंत्रावर ०.०७ च्या थोडं वर अवशोषण येतं. म्हणजे २० नॅनोग्रॅमला ०.०१५. यंत्र स्वतःच ०.००२ ने हलतं. ३ मिली प्लाझ्मा घेतला तर ०.०४५ मिळेल, पण त्याला सात-आठ मिली रक्त लागतं. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. तरी सध्या त्यावरच.

रंग करताना पाळायच्या गोष्टी: रिएजंटमध्ये अॅसिटोन असतं, त्याने रंग उठावदार येतो, पण पॉलिस्टायरीनचे फेकाऊ क्युव्हेट (यंत्रात रंग वाचायच्या चौकोनी कुप्या) त्याने धूसर होतात. काचेचा क्युव्हेट घ्या. एरवी फ्लोराइडला काच टाळतो, पण रंग तयार झाल्यावर थोडा वेळ चालते. क्युव्हेटवर झाकण हवंच. दुपारच्या उकाड्यात अॅसिटोन उडतं आणि रीडिंग आपोआप वर चढत जातं. रंगाला तासभर अंधारात ठेवा.

३ मार्च

घोडं अडलं ते इथं.

प्लाझ्माच्या डिशी ०.०६. प्लाझ्मा न घालता फक्त पाणी घातलेल्या डिशी, म्हणजे ब्लँक, ०.०५५. रक्तातून ब्लँक वजा केला की उरतं ते यंत्राच्या थरथरीएवढं. ब्लँकमध्येच ७०-८० नॅनोग्रॅम फ्लोराइड येतंय कुठून?

एका वेळी एकच वस्तू बदलत गेलो. घाई करून दोन बदलल्या तर काही कळत नाही, म्हणून आठवडाभर हेच चाललं.

पाणी. आमच्याकडे पाण्यातले आयन रेझिनच्या मण्यांवर धरून ते शुद्ध करणारं आयन एक्स्चेंजचं यंत्र आहे. कंडक्टिव्हिटी मीटर छान आकडा दाखवत होता म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेतला नव्हता. रेझिन बाकी सगळ्या ऋण आयनांना घट्ट धरतं, फ्लोराइडला सगळ्यात सैल. रेझिन दमायला लागलं की जे आधी निसटतं त्यात फ्लोराइड असतं. आणि लिटरला १० मायक्रोग्रॅम निसटलं तरी कंडक्टिव्हिटी जेमतेम ०.०५ मायक्रोसिमेन्सने बदलते, मीटरला पत्ताही लागत नाही. डिशमध्ये ३ मिली पाणी म्हणजे ३० नॅनोग्रॅम. एका माणसाच्या दीड मिली प्लाझ्माएवढं फ्लोराइड नुसत्या पाण्यातून.

उपाय मिरजेत मिळाला. मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठी मिळणाऱ्या निर्जंतुक पाण्याच्या प्लॅस्टिकच्या कुप्या. वेगवेगळ्या बॅचच्या तपासल्या, सगळ्या स्वच्छ. महाग वाटतं, पण एका डिशला ३ मिलीच लागतं. डिशमध्ये जाणारं पाणी आता त्याच कुप्यांचं. नवं रेझिन भरलं तरी हा नियम बदलणार नाही.

आम्ल. गंधकाम्लाचं स्वतःचं फ्लोराइड असतं. पण त्याचं औषध याच पद्धतीत आहे: विभाजक नरसाळ्यात आम्ल आणि डायसिलोक्झेन जोरात हलवायचं, थांबू द्यायचं, वरचा थर फेकायचा. फ्लोराइड त्या थरासोबत जातं. दोनदा केलं. एकदा करून भागत नाही.

सोडियम हायड्रॉक्साइड. काचेच्या बाटलीत गेल्या पावसाळ्यापासून ठेवलेलं द्रावण. ओतून टाकलं. नव्याने, प्लॅस्टिकच्या बाटलीत, आठवड्याला ताजं.

व्हॅसलिन निर्दोष निघालं. डिशीही. मला त्यांच्यावरच सगळ्यात जास्त संशय होता.

आता ब्लँक ०.००५ च्या आसपास. सहा-सात नॅनोग्रॅम. हे जगण्याजोगं आहे.

१० मार्च

एके सकाळी सगळे ब्लँक पुन्हा वर. रात्री पश्चिमेची खिडकी उघडी राहिली होती, आणि थेंब लावलेली झाकणं बंद करण्याआधी बराच वेळ ओट्यावर उघडी पडली होती. नदीकाठच्या वीटभट्ट्या या दिवसांत पेटलेल्या असतात, माती भाजताना फ्लोराइड सुटतं हेही खरं. पण एका सकाळीवरून त्यांच्यावर बिल फाडणं बरोबर नाही. धूळही असू शकते. खिडकी बंद ठेवतो, आणि थेंब लावल्यापासून झाकण बसेपर्यंत मिनिटभरापेक्षा जास्त जाऊ देत नाही. ब्लँक खाली आले. कारण काही असो.

२२ मार्च

स्टँडर्ड: वाळवलेलं सोडियम फ्लोराइड ०.२२१० ग्रॅम, लिटरभर पाण्यात, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराइड. साठवण प्लॅस्टिकमध्ये. त्यातून पातळ करत जायचं, पण पातळ केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

आणि स्टँडर्डसुद्धा डिशमधूनच न्यायचे. थेट क्युव्हेटमध्ये घातलेल्या स्टँडर्डची रेषा दिसायला सुरेख, पण डिशमध्ये जी थोडी गळती-नासाडी होते ती त्या रेषेत धरली जात नाही.

आम्हा कामकऱ्यांच्याच रक्ताचा एकत्र प्लाझ्मा केला. त्यात ४० नॅनोग्रॅम मुद्दाम घातले, परत मिळाले ३६ ते ३८. समाधानकारक. पण काही न घातलेला तोच प्लाझ्मा पुन्हा पुन्हा मोजला तर लिटरला १२, २१, १७, २४ मायक्रोग्रॅम. सरासरी बरोबर असेलही. रुग्णाला सरासरी देता येत नाही, त्याची नळी एकच असते. रंगाच्या पद्धतीने साध्या माणसाचं रक्त आमच्या यंत्रावर नीट मोजलं जाणार नाही, हे आज मान्य केलं. डॉक्टरांनाही कळवलं.

२ एप्रिल

कोल्हापूरच्या ओळखीच्या प्रयोगशाळेतून फ्लोराइड इलेक्ट्रोड उसना आणला; द्रावणात फ्लोराइड किती त्याप्रमाणे तो मिलिव्होल्ट दाखवतो. लॅन्थॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा, तुलनेसाठी वेगळा बारीक रेफरन्स इलेक्ट्रोड असलेला. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर करायचं म्हणून सुरू केलेल्या कामात इलेक्ट्रोड आणणं जिवावर आलं होतं, पण हिशेब सरळ आहे. रंगाला १ मिली द्रावण लागतं, इलेक्ट्रोडला एक थेंब पुरतो. तेच २० नॅनोग्रॅम १ मिलीत पसरले तर लिटरला २० मायक्रोग्रॅम, ०.१ मिलीत ठेवले तर २००. इलेक्ट्रोडला २०० आरामात दिसतं.

डिशीपर्यंतचं सगळं तसंच. सकाळी झाकण उलटं करून पाचही थेंब पिपेटच्या टोकाने एकत्र करायचे, त्यात ०.२ नॉर्मल अॅसेटिक आम्ल २० मायक्रोलिटर, पाण्याने १०० मायक्रोलिटर. पीएच बरोबर ५ वर येतो. पीएच जास्त राहिला तर हायड्रॉक्साइडलाच इलेक्ट्रोड फ्लोराइड समजतो, फार खाली गेला तर फ्लोराइड हायड्रोजनशी बांधलं जाऊन लपतं.

इलेक्ट्रोड स्टँडला उलटा बांधला, स्फटिक वर. त्यावर थेंब, थेंबाला वरून रेफरन्सचं टोक टेकवलेलं. भोवती ओल्या टिश्यूचं कडं, नाहीतर थेंब वाळतो आणि आकडा सरकत राहतो. पंखा बंद. एप्रिलमध्ये सांगलीत पंखा बंद करून दर थेंबाला पाच-सात मिनिटं थांबणं हा या पद्धतीचा खरा खर्च.

थेट ठेवलेल्या स्टँडर्डना फ्लोराइड दहापट झालं की ५७ मिलिव्होल्टचा फरक, ठीक. डिशमधून आलेल्यांची रेषा खालच्या टोकाला वाकते, ती ब्लँकमुळे. ब्लँक धरून गणित केलं की सरळ होते. तोच एकत्र प्लाझ्मा आता १७, १८, १६, १८. आणि तेही फक्त १ मिली प्लाझ्मात.

फोटोमीटर बेकार झाला असं नाही. लघवीत फ्लोराइड रक्ताच्या कितीतरी पट असतं, तिथं डिश आणि निळा रंग उत्तम जमतो. जास्त फ्लोराइडचं रक्त पडताळायलाही तो ठेवला आहे.

९ एप्रिल

रुग्णांच्या नळ्यांची पहिली खेप. दोन-तीन नमुने विश्वास बसणार नाही असे: लिटरला ४००, ११०० मायक्रोग्रॅम. साध्या माणसाच्या कितीतरी पट आकडे. डिशी पुन्हा लावल्या, तेच आलं. म्हणजे फ्लोराइड खरोखर नळीत होतं.

आमच्या मदतनिसाने दवाखान्यात जाऊन रक्त घेताना पाहिलं. त्याच रुग्णांची साखरही तपासायची होती. साखरेची राखाडी टोपीची नळी असते, तिच्यात साखर टिकावी म्हणून सोडियम फ्लोराइडच घातलेलं असतं. एकाच सुईने आधी राखाडी नळी भरली, मग आमची हिरवी, रक्त गोठू नये म्हणून हेपरिन घातलेली. सिस्टरना यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं, आम्हीच क्रम सांगितला नव्हता.

किती पुरतं ते मांडून ठेवतो. राखाडी नळीत १ मिली रक्ताला साधारण दोन-अडीच मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, म्हणजे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड. त्यातला १ मायक्रोलिटर, सुईच्या टोकाला राहतो तेवढा, हिरव्या नळीत गेला तर १००० नॅनोग्रॅम. आपण शोधतोय ते २०.

आता नियम असे. हिरवी, हेपरिनची नळी आधी. राखाडी सगळ्यात शेवटी. जमलं तर साखर वेगळ्या दिवशी. प्लाझ्मा आम्हीच वेगळा करायचा, दवाखान्यातला ड्रॉपर वापरायचा नाही. नव्या खोक्यातल्या एक-दोन हिरव्या नळ्यांत पाणी भरून, हलवून, ते डिशमधून न्यायचं. नमुना लालसर दिसला तर परत पाठवायचा, कारण तांबड्या पेशींत फ्लोराइड प्लाझ्माच्या निम्म्याच्या आसपास असतं आणि पेशी फुटल्या की आकडा खाली ओढला जातो.

१६ एप्रिल

नळ्या नीट, क्रम नीट, तरी एकाच घरातल्या सासू-सुनेच्या आकड्यांत तिपटीचा फरक. दोघी एकाच बोअरचं पाणी पितात, दोघी उपाशीपोटी आलेल्या. मदतनिसाने सासूबाईंना विचारलं, सकाळी काय घेतलं होतं?

“काय न्हाई बाबा, उपाशीच आले. च्या घेतला नुसता.”

किती?

“दोन कप. एसटीला वेळ होता.”

चहा म्हणजे काही खाणं नव्हे, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे, आणि चिठ्ठीवर ‘उपाशीपोटी’ एवढंच छापलं होतं. चहाच्या पानात फ्लोराइड साठतं, काळ्या चहाच्या लिटरमध्ये एक ते पाच मिलिग्रॅमपर्यंत उतरतं. बोअरच्याच पाण्यात उकळला तर ते वेगळं. पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात रक्तातला आकडा शिखरावर असतो, म्हणजे नेमका रक्त घेण्याच्या वेळी.

नवी चिठ्ठी छापली, मोठ्या अक्षरात: चहा नको. टूथपेस्ट नको. तोंड नुसत्या पाण्याने धुवून या. मिश्री लावणाऱ्या बायकांनी मिश्रीचं काय असं विचारलं. तीही नको लिहिलं, कारण तिच्यात काय असतं ते मी तपासलेलं नाही.

सासूबाई पुढच्या आठवड्यात चहा न घेता आल्या. आकडा सुनेच्या जवळ आला. त्यांचं डोकं मात्र दिवसभर दुखलं, तेही मदतनिसाला ऐकावं लागलं.

२४ एप्रिल

एक नमुना २१० चा. चहा नाही, राखाडी नळी नाही, नळी ताजी. गाव कृष्णाकाठचं, पाणी नळाचं. पुन्हा लावला, २०५. ब्लँक चांगले, मुद्दाम घातलेलं फ्लोराइड परत मिळतंय. आमच्या बाजूने कुठेच पाणी मुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी केसपेपर पाहिला आणि हसले. आदल्या दिवशी त्या रुग्णाचं ऑपरेशन झालं होतं, पूर्ण भूल देऊन, सेव्होफ्लुरेनवर. त्या औषधाचा थोडा भाग, दोन ते पाच टक्के, यकृतात मोडतो आणि त्यातून फ्लोराइड रक्तात येतं. एक-दोन दिवसांत उतरतं.

आकडा खरा होता, याचं मला रात्री उशिरापर्यंत बरं वाटत होतं. फॉर्मवर ‘गेल्या आठवड्यात भूल दिली होती का’ हा रकाना वाढवला. व्होरिकोनॅझोल चालू आहे का हेही. बुरशीवरच्या त्या औषधाने दीर्घकाळात फ्लोराइड चढतं आणि हाडं दुखतात. फ्लोरिन असलेलं प्रत्येक औषध असं करत नाही, बहुतेकांत तो कार्बनला घट्ट बांधलेला असतो आणि आपल्या डिशमध्ये सुटत नाही.

३० एप्रिल

वळीव. दुपारपासून वीज नाही. डिशींना विजेची गरज नाही, त्या तशाच लागल्या. फ्रीजरमधला प्लाझ्मा वितळला. पुन्हा गोठवून तपासला, आकडे तेच.

६ मे

कचऱ्याबद्दल, कारण एका नवख्या मुलाचा हात थोडक्यात वाचला. वापरलेल्या डिशमध्ये रक्तही असतं आणि आम्लही. रक्त म्हटलं की सवयीने हायपोक्लोराइट ओततो. आम्लावर ते पडलं की क्लोरिन वायू सुटतो. आधी धुण्याच्या सोड्याने आम्ल मारायचं, फेस थांबेपर्यंत, मगच हायपोक्लोराइट. डायसिलोक्झेन पेट घेतं, स्पिरिटचा दिवा त्याच ओट्यावर नको.

११ मे

बोअरवाल्या गावातले जास्त आकड्यांचे नमुने दोन्ही पद्धतींनी केले. इलेक्ट्रोडवर ७८, फोटोमीटरवर ७१. ९४ ला ९९. ६० ला ६८. लिटरला ६०-७० मायक्रोग्रॅमच्या वर निळा रंग चालतो, त्याखाली नाही. ज्यांच्याकडे फक्त फोटोमीटर आहे त्यांनी खालचे नमुने ‘६० पेक्षा कमी’ असे लिहून मोकळं व्हावं. खोटा अचूक आकडा देण्यापेक्षा ते बरं.

खर्च: उसना इलेक्ट्रोड सोडला तर रसायनं, डिशी, नळ्या मिळून पंचवीस हजारांच्या आतबाहेर. त्यातला मोठा भाग ब्लँक शोधण्यात गेला. एका खेपेत ब्लँक आणि स्टँडर्ड धरून रुग्णांचे आठ-दहा नमुनेच बसतात, कारण सकाळी थेंब एकेकच मोजावा लागतो.

१५ मे

अहवालाचा नमुना डॉक्टरांशी बसून ठरवला. रक्ताचा आकडा एकटा द्यायचा नाही. तो गेल्या काही तासांचं खाणंपिणं दाखवतो, वर्षानुवर्षं हाडात साठलेलं नाही. म्हणून एकाच पानावर तीन रकाने: बोअरचं पाणी, लघवी, प्लाझ्मा. सोबत क्रिएटिनिन, कारण फ्लोराइड बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडाचं; ते मंदावलेल्या माणसात साध्या पाण्यावरही आकडा चढलेला दिसतो. तळाशी त्या दिवसाचा ब्लँक. डॉक्टर म्हणाले ब्लँकचं रुग्णाला काय करायचं? रुग्णाला नाही, तुम्हाला, म्हटलं. ज्या दिवशी तो दहा नॅनोग्रॅमच्या वर छापलेला दिसेल त्या दिवसाचे आकडे धरू नका. हा रकाना राहिला.

इलेक्ट्रोड महिनाअखेरीस कोल्हापूरला परत द्यायचा आहे. तोवर फ्रीजरमधले उरलेले नमुने संपवतो. नव्या इलेक्ट्रोडसाठी दोन ठिकाणचे भाव मागवले आहेत. या वेळी ऑर्डरवर मॉडेल क्रमांक पूर्ण लिहिला आहे.